आत्मचरित्रांचा सप्ताह

परीक्षिताच्या हातात सात दिवस होते. सातव्या दिवशी तक्षक येणार हे ठरलेलं होतं, शाप टळणारा नव्हता. गंगेच्या काठी प्रायोपवेशनाला बसलेल्या त्या राजाने शुकमुनींना विचारलं, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने काय ऐकावं? उत्तरादाखल जे सांगितलं गेलं ते भागवत: १२ स्कंध, ३३५ अध्याय आणि परंपरेच्या मोजणीनुसार १८,००० श्लोक. सांगायला बसताना शुकांनी आधी त्याला धीर दिला. खट्वांग राजाला आपलं आयुष्य मुहूर्तभरच उरल्याचं कळलं आणि तेवढ्यातही त्याने साधलं; तुझ्यापाशी तर पुरते सात दिवस आहेत.

ही कथा लहानपणापासून कानावर आहे. या मार्गशीर्षात वाचनासाठी सबंध आठवडा बाजूला काढायचं ठरवलं, तेव्हा तिच्यातला तो धीर मला फार जवळचा वाटू लागला. सात दिवस पुरेसे असतात, मात्र काय ऐकायचं ते ठरलेलं हवं.

प्रस्ताव भाचीचा. ती पुण्यात शिकते आणि सुट्टी लागली की तिच्या मैत्रिणींत आठवडाभर वाचायची पैज लागते. तिने फोनवर एका दमात सांगून टाकलं, "मावशी, सात दिवस, सात पुस्तकं. तू तुझी यादी कर, मी माझी करते. मोठी कर हं, उगीच बारकी बारकी पुस्तकं घेऊ नकोस." मला तिचा हा आग्रह मनापासून आवडला. वर्षभर आपण वाचतो ते कामाच्या फटीफटीतून. झोपण्याआधी चार पानं, बसमध्ये दोन, कुकरच्या शिट्ट्या मोजताना एखादं. असं वाचलेलं पुस्तक समजतं, पण त्याच्या शेजारी दुसरं पुस्तक उभं राहत नाही. पहिल्याचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत महिना उलटलेला असतो. सबंध आठवडा मिळाला तर पुस्तकं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येतात. म्हणून यादी मोठी हवी, आणि ती नीट विचार करून बांधलेली हवी.

आठवडाभराच्या वाचनाची आखणी आपल्याकडे नवी नाही. माझं आजोळ सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी. दत्तजयंतीच्या आधी तिथे गुरुचरित्राचं पारायण असायचं. पहाटे अंघोळ करून सोवळं नेसून आजोबा चौरंगापुढे बसत. रोज तीच जागा, तीच वेळ. मध्ये बोलायचं नाही, अध्याय अर्धवट ठेवून उठायचं नाही. रात्री जमिनीवर घोंगडी. त्या आठवड्यात ते घरातच असत आणि तरी कुठेतरी गावाला गेल्यासारखे वाटत. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा समज तेव्हा कित्येक घरांत होता, आजही काही घरांत आहे. आजी स्वयंपाकघरात काम करता करता ऐकायची. पण पारायणाचं वेळापत्रक तिलाच जास्त पाठ होतं. कुठल्या दिवशी पानं किती वाजता घ्यायची हे ती पोथीवरून ठरवायची. "आज छत्तिसावा आहे, पोरांना आधी वाढून घ्या," हे तिचं वाक्य मला अजून ऐकू येतं.

पोथीच्या शेवटी अवतरणिकेच्या अध्यायात सात दिवसांची वाटणी दिलेली असते. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी उरलेले सगळे. दुसऱ्या दिवशी १२ अध्याय होतात आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. आकडे पाहून लहानपणी मला वाटायचं, पाचवा दिवस सुट्टीचा असणार. पण त्या तिनांत छत्तिसावा आहे. आचारधर्माचा तो अध्याय इतका लांब आहे की वाचणाऱ्याचा घसा बसतो आणि ऐकणाऱ्याचं अवधान सुटतं. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी अध्याय मोजले नव्हते. एका बैठकीत माणूस किती पेलू शकतो, हे त्यांनी मोजलं होतं.

ज्ञानेश्वरीचं तसंच. गावोगावच्या सप्ताहांत तिचं पारायण होतं. मंडपात रांगेने बसून दीडदोनशे माणसं एका सुरात वाचतात. अध्याय अठरा, ओव्या सुमारे ९,०००. पण बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या आहेत, तेराव्यात हजाराच्या वर, आणि अठराव्यात अठराशेच्या वर. अठरा भागिले सात असा हिशेब करणारा शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत बसेल. भागवत सप्ताहाची वाटणी तर आणखी विचारी. त्यात चौथ्या दिवशी कृष्णजन्म येतो. आठवड्याच्या बरोबर मध्यावर, ऐकणारे थकायला लागलेले असताना, पाळणा हलतो आणि मंडपात पुन्हा जीव येतो. दशम स्कंधाचे ९० अध्याय पुढच्या दिवसांना पुरतात. आपल्या लोकांना वाचनाचं हे शास्त्र शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे, आणि पुस्तकांची यादी करताना ते आपण वापरत नाही याचं मला नवल वाटतं.

तेव्हा 'सात दिवस, सात पुस्तकं' हा आकडा मी पहिल्यांदा बाजूला ठेवला. दिवसाचे आठ तास वाचलं आणि तासाला पंचवीस पानं धरली, तर दिवसाला दोनशे पानं होतात. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. पण सगळी पानं सारखी नसतात. शंभर वर्षांपूर्वीची मराठी, तिच्यातले अनुस्वार, लांब वाक्यं, पेशवाईतून उतरलेले शब्द, हे वाचताना वेग निम्म्यावर येतो आणि यायलाच हवा. बोलीतले संवाद डोळ्यांनी वाचता येतात, पण ते कळतात ओठांनी वाचल्यावर. आणि काही पानं अशी असतात की ती वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बसावंच लागतं. त्या बसण्याचा वेळही यादीत धरला पाहिजे.

विषय ठरवायला मात्र मला वेळ लागला नाही. मराठीतली आत्मचरित्रं. स्वतःचं आयुष्य स्वतः सांगणारी पुस्तकं आपल्या भाषेत जितकी आणि जितक्या थरांतून आली, त्याचा अभिमान वाटावा अशी ती संपदा आहे. भिक्षुक, न्यायमूर्तींची पत्नी, धर्मांतरित कवीची बायको, सिनेमातली नटी, महारवाड्यातली आजी, कोकणातली शिक्षित मुलगी, सगळ्यांनी 'मी' म्हणून लिहिलं. यांतली बहुतेक माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. भेटली असती तरी त्यांतल्या कित्येकांना एकमेकांच्या घरात पाऊल टाकता आलं नसतं. माझ्या आठवड्यात ती एका खोलीत बसणार आहेत.

पहिल्या दिवशी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते उत्तरेला निघाले ते १८५७ साली. महूला पोचेपर्यंत बंड उसळलेलं. पुढे ते झाशीत अडकले, शहराचा वेढा आतून पाहिला, राणीला पाहिलं, लूट पाहिली, स्वतः पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. बऱ्याच वर्षांनी त्यांनी हे लिहून काढलं, ते चिंतामणराव वैद्य यांच्यामुळे. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली. मी पोतदारांचीच प्रत घेणार. आठवड्याची सुरुवात प्रवासाने व्हावी असं मला वाटतं, कारण प्रवासाच्या पुस्तकाला आपली गती असते आणि पहिल्या दिवशी वाचणाऱ्याला ती हवी असते. शिवाय गोडसे भटजी इतिहास सांगायला बसलेले नाहीत. दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, कोणी कसं वागवलं, हे ते सांगतात, आणि त्यातूनच झाशी दिसते.

दुसऱ्या दिवशी रमाबाई रानडे. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० साली आलं. १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न होऊन त्या महादेव गोविंद रानड्यांच्या घरात आल्या. नवरा रात्री शिकवायला बसायचा आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्याचा सूड घ्यायच्या. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामं. हे सगळं रमाबाई ज्या संयमाने सांगतात तो संयम वाचताना माझा श्वास अडकतो. एक मुलगी पुस्तक उघडते म्हणून घरात वादळ होतं, आणि ती ते पुस्तक मिटत नाही. पुढे न्यायमूर्तींची नजर अधू झाली तेव्हा त्यांना वाचून दाखवण्याचं काम त्यांनीच केलं. वाचनाच्या आठवड्यात हे पुस्तक नसेल तर मग काय असावं?

इथे पहिल्या दोन दिवसांची गाठ पडते. रानड्यांचा जन्म १८४२चा. गोडसे भटजी झाशीत जीव मुठीत धरून बसले होते त्या सुमाराला रानडे मुंबईत एल्फिन्स्टनला शिकत होते. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही १८५७ सालचीच, आणि रानडे तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. एकाच वर्षी एक मराठी माणूस जुनं जग जळताना पाहतोय आणि दुसरा नव्या जगाची पुस्तकं वाचतोय. ही दोन पुस्तकं मी याआधी वाचली आहेत, पण त्या दोन वाचनांमध्ये वर्षं गेली होती. शेजारी ठेवून, यादी करता करता, हे प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं.

आणि तेच वर्ष तिसऱ्या दिवशीही वाट अडवून उभं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सुरुवातीलाच हकिगत येते की त्यांच्या घरातल्या एका वडीलधाऱ्याला १८५७च्या बंडात फाशी झाली. वडिलांच्या सोवळ्याने पुढे कोणतं टोक गाठलं तेही तिथेच आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कशाचा विटाळ होईल याचा नेम नाही. झाशीत पेटलेल्या त्या आगीचा चटका एका भटजीला बसला तो त्याने प्रवासवर्णनात लिहिला, आणि दुसरा नाशिककडच्या एका घरात पोचून तिथल्या मुलींच्या बालपणात उतरला.

'स्मृतिचित्रां'ना मी दोन दिवस दिले आहेत. माझ्या यादीतला हा छत्तिसावा अध्याय. १९३४पासून चार भागांत आलेलं, सबंध प्रतीत चारशेच्या वर पानांचं हे पुस्तक एका दिवसात उरकणं मला पटत नाही. लक्ष्मीबाई रमाबाईंहून पाचसहा वर्षांनी लहान. त्यांचंही लग्न अकराबाराव्या वर्षी झालं. पण दोघींचे आवाज किती वेगळे! रमाबाई शब्द जपून वापरतात, लक्ष्मीबाई गप्पा मारत बसतात. नारायण वामन टिळकांसारखा विक्षिप्त, उदार, क्षणात घर सोडून जाणारा कवी नवरा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला. नातेवाइकांच्या घरात बायको मागे राहिली, वर्षानुवर्षं. मग ती त्याच्याकडे परतली, तेही आधी आपलं वेगळं स्वयंपाकघर, वेगळं पाणी सांभाळत. आणि हळूहळू, स्वतःशी वाद घालत घालत, तिने ते सोवळं सोडलं. पुढे तिनेही धर्म बदलला. हा बदल लक्ष्मीबाईंनी जितक्या प्रामाणिकपणे लिहिलाय तितका प्रामाणिकपणा मराठी गद्यात फार थोड्यांना साधला असं माझं मत आहे. शाळेत न गेलेल्या बाईने ते लिहिलं. हसवत हसवत लिहिलं, म्हणून कित्येकांना ते हलकं पुस्तक वाटतं. ते हलकं नाही. तिसऱ्या दिवशी दोन भाग, चौथ्या दिवशी दोन, आणि चौथ्याची संध्याकाळ मोकळी.

ती संध्याकाळ मी मुद्दाम ठेवली आहे, कारण पाचव्या दिवशी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' येतं. पुस्तक लहान आहे, १९८६चं. आकड्यांच्या हिशेबात अर्ध्या दिवसाचं. बेबीताईंनी फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता हे लिहिलं आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. रमाबाईंच्या घरी बायकोने वाचावं म्हणून नवरा आग्रह धरत होता. इथे नवऱ्याला कळू नये म्हणून वही लपवावी लागत होती. त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. महारवाड्यातल्या बायका जळणाचे भारे घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात. घरमालकीण त्यांना बजावते की काटक्या नीट तपासून दे, एखादा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकून आला तर घर बाटेल. आणि ती बाई, डोक्यावरून ओझं आणून थकलेली, एकेक काटकी तपासत बसते.

आता 'स्मृतिचित्रां'तलं सोवळं आठवा. तिथे आपण त्या घराच्या आत होतो. धुऊन घेतलेल्या वस्तू, विटाळाची भीती, त्या भीतीखाली घुसमटलेली लेकरं आणि बायका, हे सगळं आतून पाहिलं, त्या लेकरांसाठी जीव कळवळला. दुसऱ्याच दिवशी आपण त्याच घराच्या बाहेर, अंगणात, काटक्या तपासणाऱ्या बाईपाशी उभे राहतो. दारातून आत जाणारं लाकूड आणि आत धुतली जाणारी वस्तू एकच. ही दोन पुस्तकं सहा महिन्यांच्या अंतराने वाचली तर हे जाणवेल, पण ऐकलेल्या गोष्टीसारखं. लागोपाठच्या दिवशी वाचली तर ते अंगावर येतं. माझ्या यादीचा सगळा हट्ट या एका शेजारासाठी आहे. बाकीची पुस्तकं मागेपुढे झाली तरी चालेल, ही दोन एकमेकांना लागूनच राहतील.

'जिणं आमुचं' मी मोठ्याने वाचणार आहे. ते बोललेलं पुस्तक आहे, चावडीवर बसून सांगितल्यासारखं, एका बाईचं कमी आणि सगळ्या वस्तीचं जास्त. भाची दोन दिवस माझ्याकडे येणार आहे, तीही ऐकेल. तिला यादी वाचून दाखवली तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, सगळी दुःखाचीच आहेत गं. सात दिवस हेच वाचणार?" प्रश्न खरा होता आणि मी त्याचा विचार केला. पण ही दुःखाची पुस्तकं आहेत हे मला मान्य नाही. ज्यांच्यावर दुःख पडलं त्यांनी ते सांगायची ताकद कमावली, त्या ताकदीची ही पुस्तकं आहेत. लक्ष्मीबाईंच्या पानापानावर हसू फुटतं. गोडसे भटजी लुटले गेल्यावरही पुढच्या गावी काय खायला मिळालं ते चवीने सांगतात. हे मी तिला सांगितलं. तिने तिच्या यादीतलं एक पुस्तक काढलं आणि रमाबाईंचं घातलं.

सहाव्या दिवशी दया पवार यांचं 'बलुतं'. १९७८ साली 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने ते काढलं आणि मराठी वाचकाची झोप उडाली. दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी त्याची रचना आहे. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. गाव सोडून आलेला, मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला, शिकलेला, कवी झालेला, आणि तरी आतला दगडू गप्प बसत नाही. आत्मचरित्रात 'मी' म्हणणारा माणूस नेमका कोण असतो, हा प्रश्न गोडसे भटजींना पडलेला नव्हता. सत्तर वर्षांनी तो पुस्तकाच्या रचनेतच येऊन बसला. पहिल्या दिवसापासून वाचत आलेल्याला हा बदल कळतो. म्हणून मी काळाचा क्रम फारसा मोडलेला नाही. 'जिणं आमुचं' 'बलुतं'च्या नंतरचं असून आधी घेतलंय ते फक्त 'स्मृतिचित्रां'च्या शेजारासाठी.

सहाव्या दिवशी संध्याकाळी हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका'. लहानसं, १९७०चं. 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी' यांसारख्या चित्रपटांतली ही नटी. आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचं नाव तिने आत्मकथेला दिलं. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' याच आयुष्यावर बेतलेला आहे. तिच्या सांगण्यात तक्रार फार कमी आहे आणि सफाई त्याहून कमी. एका बैठकीत संपतं.

सातवा दिवस ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चा. २००३ सालचं हे पुस्तक. रत्नागिरीकडचं फणसवळे गाव, बांबूच्या कामट्यांची आयदानं विणून मुलांना वाढवणारी आई, डोंगर उतरून बाजाराला जाणाऱ्या बायका. आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचं नातं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी शिक्षण घेतलं, नोकरी केली, मुंबईत घर केलं, स्त्रियांच्या चळवळीत काम केलं, आणि शिकून पुढे गेलेल्या बाईला स्वतःच्या घरात काय सोसावं लागतं तेही लिहिलं. रमाबाईंच्या पुस्तकानंतर ९३ वर्षांनी आलेलं हे पुस्तक सातव्या दिवशी वाचताना दुसरा दिवस आपोआप आठवेल. दोघींमध्ये किती अंतर तुटलं आणि किती तसंच राहिलं, हे मला पाहायचं आहे.

याशिवाय रोज सकाळी, दिवसाचं पुस्तक उघडण्याआधी, संत बहिणाबाईंचे थोडे अभंग. शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. कोल्हापुरात कीर्तनाला सोबत येणारं वासरू, नवऱ्याने बांधून केलेली मारहाण, वासराचा मृत्यू, तुकोबांचं स्वप्नदर्शन, आणि शेवटी मुलाला सांगितलेल्या आपल्या मागच्या जन्मांच्या हकिगती, हे सगळं त्यांनी अभंगांतून सांगितलं. छापखाना नव्हता, वाचक नव्हता, आणि एक बाई 'माझ्यावर हे असं गुदरलं' असं सांगत होती. माझ्या यादीतल्या सगळ्या बायकांच्या आधी ही उभी आहे. तिला एक सबंध दिवस देण्यापेक्षा सातही सकाळी द्याव्यात असं ठरवलं.

गाळलेल्या पुस्तकांचं वाईट वाटतंच. अत्र्यांचं 'कऱ्हेचे पाणी' अनेक खंडांचं, त्याला त्याचा स्वतंत्र आठवडा हवा. आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आणि सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' शेवटपर्यंत यादीत होती. लक्ष्मण माने यांचं 'उपरा'ही. नाना फडणविसांनी आपल्या तरुणपणाबद्दल आणि पानिपतातून निसटून येण्याबद्दल जे थोडकं लिहिलंय, ते राखीव ठेवलंय. एखादा दिवस लवकर संपला तर ते. यादीत राखीव असावं, पण ते थोडं असावं. राखीव फार झालं की मुख्य पुस्तकावरचं लक्ष उडतं.

पुस्तकं मिळवणं हे स्वतंत्र काम आहे. आमचं वाचनालय तालुक्याचं, ब वर्गाचं. एका वर्गणीवर दोन पुस्तकं. वहिनीचं आणि शेजारच्या काकूंचं कार्ड मागून आणलं. 'बलुतं', 'आयदान', 'स्मृतिचित्रे' लगेच मिळाली. 'माझा प्रवास' होतं, पण संक्षिप्त. पोतदारांची प्रत एका निवृत्त प्राध्यापकांकडे निघाली. रमाबाईंचं पुस्तक ग्रंथपालांनी आतल्या कपाटातून काढलं. बांधणी सुटलेली, कागद पिवळा, हात लावला की कडा झडतात. "ताई, ही घरी देता येणार नाही," ते म्हणाले. "इथे बसून वाचा. दहाला उघडतो, तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल ठेवतो." म्हणजे दुसरा दिवस वाचनालयात. हेही बरंच झालं. दिवस कुठे बसून घालवायचा तेही यादीत लिहिलं गेलं.

आठवडाभरात हे सगळं वाचून होईल का, असं मला दोघातिघांनी विचारलं. होईल, असं मला वाटतं. आठवडा ठरलाय, घरात सांगून झालंय, फोन आणि स्वयंपाक कोण बघणार ते ठरलंय. यादी मोठी आहे हे मला माहीत आहे. ती तशीच असावी. ज्यांनी चोरून वाचलं, मार खाऊन वाचलं, पुडीच्या कागदावरून वाचलं, त्यांच्यासाठी बांधलेली यादी लहान ठेवायला माझं मन तयार होत नाही.

वाचनालयातून निघताना ग्रंथपालांनी एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवते. जुनी आत्मचरित्रं त्यांच्याकडे येतात ती बहुधा कुणाचं तरी घर रिकामं होताना, आणि येतात त्याहून जास्त परस्पर रद्दीत जातात. तुमच्या घरात माळ्यावर, देवघराच्या फडताळात, आजीच्या पेटीत अशी एखादी प्रत असेल तर ती किलोवर विकू नका. आधी स्वतः वाचा, मग जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.